कोयनेची आवक-जावक

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी कोयनानगरला चार दिवस होतो, आणि त्या चार दिवसांत धरणाची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही माझ्या दृष्टीस पडली नाही. ८०७ मीटर लांब आणि १०३ मीटर उंच अशी ती प्रचंड रचना पावसाच्या आणि धुक्याच्या पडद्याआडून तुकड्यातुकड्यांनी प्रकट होई: कधी सांडव्याचा मधला भाग, कधी माथ्यावरचा ओला कठडा, कधी नुसताच पाण्याचा घनगंभीर नाद. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नियंत्रण कक्षातील टेबलावर उघडून ठेवलेली नोंदवही मला दाखवण्यात आली, आणि पुढचा बराचसा वेळ मी त्या वहीपाशीच बसून काढला.

वही साधीच. वेळ, जलाशयाची फुटांतील पातळी, टीएमसीतील साठा, आवक, पायथा वीजगृहातून सोडलेले पाणी, वक्र दरवाजांतून सोडलेले पाणी, पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी गेलेले पाणी, आणि कोयना, नवजा व महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस, असे तिचे रकाने. नवजाला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे त्या रकान्यातील आकडे पाहून देशावरच्या माणसाची छाती दडपते. परंतु मला नवल वाटले ते आवकेच्या रकान्याचे. बाहेर जाणारे पाणी, दरवाजा किती उचलला आणि त्याच्यामागे पाणी किती उंचीवर उभे आहे यावरून निश्चित सांगता येते. आत येणारे पाणी मात्र शेकडो ओढ्यांनी, कड्यांवरून कोसळणाऱ्या धारांनी आणि सरळ आभाळातून जलाशयाच्या पाठीवर पडून येते, आणि त्या सर्वांना पुरेल अशी मोजपट्टी कोठे लावणार? म्हणून पातळी किती चढली ते पाहावयाचे, दोन्ही पातळ्यांचा साठा कोष्टकात शोधावयाचा, त्यांतील अंतरात गेलेले पाणी मिळवावयाचे, आणि जी बेरीज निघेल ती आवक म्हणून मांडावयाची. "जावक मोजायची, साहेब, आणि आवक काढायची," असे टेबलापाशी बसलेल्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या कर्मचाऱ्याने मला सांगितले. ११,५७४ क्युसेकची धार एक अहोरात्र वाहिली की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होते, हा आडाखा त्यांना पाढ्यासारखा पाठ होता.

हा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवावा लागतो याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला बिलगून सुमारे पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे धावते, हेळवाकापाशी एकाएकी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. म्हणजे पश्चिम समुद्राच्या इतक्या निकट जन्मूनही तिचे पाणी सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जावयाचे. तिच्या उजव्या हाताला, डोंगराच्या एका पदरापलीकडे, कोकण साडेचारशे मीटरांहून अधिक खाली पसरलेले आहे. तेव्हा नदी हेळवाकाच्या वळणाशी अडवून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे उतरवण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी हा मुलूख पायांनी तुडवलेला असला पाहिजे. अर्थात पूर्वेकडच्या खोऱ्याचा वाटा पश्चिमेला वळवावयाचा म्हटल्यावर तंटा ओघानेच आला, आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे न्यावयाच्या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी अशी ठरवून दिली. ते वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. जलाशयात १०५.२५ टीएमसी पाणी मावत असले, तरी पश्चिमेला पोफळी वीजगृहाच्या यंत्रांना त्यातले किती द्यावयाचे आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी पूर्वेकडे किती राखावयाचे, ही तजवीज त्या एका वहीच्या आधारे बारा महिने चालते.

तिसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून मी पोफळीला गेलो. तेथील वीजगृह डोंगराच्या आत आहे. बोगद्यातून जाताना बाहेरच्या पावसाचा आवाज मागे मागे राहतो, आणि तो पुरता विरतो न विरतो तोच पायांच्या तळव्यांना एक संथ कंप जाणवू लागतो. पुढे एखाद्या देवालयाच्या सभामंडपासारखे उंच, उजळलेले दालन, आणि त्यात एका ओळीत आठ यंत्रे. वर शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, निघालेले पाणी लांब भुयाराने येते, भार एकाएकी थांबला तर उसळणाऱ्या पाण्याला वाव मिळावा म्हणून खोदलेल्या उल्लोळ विहिरीपाशी पोचते, तेथून पोलादी नळांतून जवळजवळ सरळ खाली कोसळते, आणि शेवटी मुखनळीतून निघालेल्या धारेच्या रूपाने चाकाच्या परिघावरील वाट्यांवर आदळते. त्या धारेत साडेचारशे मीटरांच्या पतनाचा आवेग साठलेला असतो. वाटीला तडाखा दिल्यावर तेच पाणी निर्जीव होऊन खाली गळते. या काम करून थकलेल्या पाण्याला येथे 'अवजल' असा फार सुंदर शब्द आहे. ते अवजल कोळकेवाडीला पुन्हा अडवले जाते, अलोऱ्याच्या यंत्रांना पुन्हा फिरवते, आणि मगच वाशिष्ठीत मोकळे होते.

मी पाहत असतानाच कळव्याच्या भारप्रेषण केंद्राचा निरोप आला आणि थांबलेल्या यंत्रांपैकी एक चालू करण्यात आले. कोळशाचे केंद्र तापवून सिद्ध करावयास तास लागतात. येथे काही मिनिटांत यंत्र पूर्ण वेगाला पोचले. दिवेलागणीला महाराष्ट्रातील घराघरांतून एकाच वेळी जी मागणी उसळते, ती उचलून धरण्याचे काम कोयना १९६२ पासून करीत आली आहे, आणि आज चारही टप्पे व पायथा वीजगृह मिळून तिची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. त्यांतील एकट्या चौथ्या टप्प्याची १,०००. त्याच्यासाठी जलाशय रिकामा न करता खालून भुयार खोदीत नेले, तळाशी खडकाचे एक बूच तेवढे राखले आणि १३ मार्च १९९९ रोजी ते सुरुंगाने उडवून पाण्याला वाट करून दिली. भरल्या तळ्याच्या बुडाखाली खोदकाम करणाऱ्यांच्या धैर्याविषयी मला अतिशय आदर वाटतो.

परत आलो त्या संध्याकाळी दरवाजे उचलण्याचा निर्णय झाला. त्याआधी कितीतरी वेळ दूरध्वनी चालू होते: कराडला पाणी किती, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती, खाली कर्नाटकात आलमट्टीतून विसर्ग किती. मग भोंगा झाला. तो दऱ्यांतून घुमत राहिला आणि पाटणच्या बाजूला मूळगावचा पूल ओलांडणाऱ्यांना इशारा पोचावा इतका अवकाश देऊन सहाही वक्र दरवाजे सारखेच, दीड फुटाने उचलले गेले. पाणी दरवाजावरून सांडते अशी माझी समजूत होती. ते दरवाजाखालून, दाबलेल्या पात्यासारखे निसटते आणि सांडव्याच्या उतारावर आल्यावरच पांढरे होते. वहीत त्या घटनेची एक ओळ झाली.

याच भिंतीने ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाहिली आहे. चार वाजून एकवीस मिनिटांनी झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि भिंतीच्या वरच्या भागात, जेथे तिचा उतार बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. भिंत उभी राहिली. पुढे तिला मागून काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. साठलेल्या पाण्याचा आणि भूमीच्या हालचालीचा संबंध काय, या प्रश्नासाठी जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेकडे पाहू लागले ते तेव्हापासून.

वहीपाशी बसलो असताना एक दुसरे दप्तर माझ्या मनातून जात नव्हते. शिवसागराखाली जवळजवळ शंभर गावांच्या जमिनी गेल्या. कोणत्या गावची, कोणत्या खातेदाराची, किती एकर-गुंठे जमीन बुडीत क्षेत्रात गेली, ही जावक सरकारने नीट मोजली. माणसे कोणी ठाणे-कुलाब्याकडे गेली, कोणी सांगली-सोलापूरच्या कोरड्या माळावर. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, तेव्हा पोफळीची पहिली यंत्रे चौदा वर्षे फिरत होती. मोबदल्यात मिळावयाच्या जमिनीसाठी त्या घरांतील नातवंडे आजही सातारच्या कचेरीचे उंबरे झिजवीत आहेत. गेलेल्याची इतकी अचूक मोजणी ज्या राज्याला करता आली, त्याला आलेल्याचा रकाना साठ वर्षे भरता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

मेच्या अखेरीस मी पुन्हा गेलो, या वेळी जलाशयाच्या वरच्या अंगाला, बामणोलीला. काठ खूप खाली गेला होता आणि उघड्या पडलेल्या तांबड्या उतारावर घरांची जोती व बांधांचे दगड स्पष्ट दिसत होते. लाँच चालवणारा म्हातारा ती सरळ न नेता वळणे घेत चालला होता. मी कारण विचारले.

"पाणी उतरलं की जुन्या नदीतनंच जावं लागतं, दादा. बाकी सगळं शिवार. पंखा बांधाला लागतो."

"नदी कुठं होती ते कसं समजतं?"

"आमचंच रान न्हवं का ते," तो म्हणाला. त्याने इंजिन मंद केले, शेजारचा बांबू उचलून पाण्यात सोडला, तो तळाला टेकल्यावर ओल्या खुणेवर अंगठा ठेवून पाहिले, आणि लाँच थोडी डावीकडे घेतली.