आंतरराष्ट्रीय स्वयंसेवा

आंतरराष्ट्रीय स्वयंसेवा म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर जाऊन, वेतनाची अपेक्षा न ठेवता, ठरावीक काळ सामाजिक उपयोगाचे काम करणे होय. शाळांतील अध्यापन, आरोग्य केंद्रांतील रुग्णसेवा, निसर्ग व वारसास्थळांचे संवर्धन आणि आपत्तीनंतरची पुनर्बांधणी ही या कामाची प्रमुख क्षेत्रे आहेत. विसाव्या शतकात तिला संघटित स्वरूप आले. महाराष्ट्राचा या परंपरेशी दोन्ही बाजूंनी संबंध आहे. परदेशी स्वयंसेवक येथे आले आणि येथील माणसेही सेवेसाठी परदेशी गेली. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात शिक्षण, आरोग्य आणि निसर्गसंवर्धन या तिन्ही क्षेत्रांत स्थानिक स्वयंसेवी कार्याची मोठी परंपरा असल्याने बाहेरून येणाऱ्या मदतीची उपयुक्तता व मर्यादा या परिसराच्या उदाहरणातून स्पष्ट होतात.

स्वरूप

या कामाचे कालावधीनुसार दोन ढोबळ प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात प्रशिक्षित व्यक्ती एक ते दोन वर्षे एका ठिकाणी राहते, तेथील भाषा शिकते आणि स्थानिक संस्थेच्या देखरेखीखाली काम करते. दुसऱ्या प्रकारात काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचा मुक्काम असतो. त्याचा खर्च बहुधा स्वयंसेवक स्वतः करतो आणि अनेकदा प्रवासाची व्यवस्था पाहणारी कंपनी मध्यस्थ असते. सेवा व पर्यटन यांच्या या मिश्रणाला 'सेवा-पर्यटन' म्हणता येईल. सर्वाधिक टीका याच प्रकारावर झाली आहे.

धर्मप्रसारासाठी केलेली सेवा, सरकारी मदत-कार्यक्रम आणि नागरिकांनी स्वेच्छेने केलेली सेवा यांच्यातील सीमारेषा इतिहासात नेहमीच स्पष्ट राहिलेली नाही.

इतिहास

पहिल्या महायुद्धानंतर स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी इ.स. १९२० मध्ये फ्रान्समधील वेर्दूंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांचे पुनर्बांधणी शिबिर भरवले. त्यात जर्मन स्वयंसेवकही होते. त्यांच्या उपस्थितीला विरोध झाल्याने हे शिबिर काही महिन्यांतच आटोपते घ्यावे लागले. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची संमती नसेल तर सद्‌भावना अपुरी पडते, हा धडा या चळवळीला तिच्या पहिल्याच प्रयोगात मिळाला. याच उपक्रमातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपानंतर सेरेसोल सहकाऱ्यांसह भारतात आले आणि त्यांनी गावांच्या पुनर्बांधणीत भाग घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनीही असे कार्यक्रम हाती घेतले. ब्रिटनमध्ये इ.स. १९५८ मध्ये 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था सुरू झाली. अमेरिकेने इ.स. १९६१ मध्ये 'पीस कोअर' स्थापन केले, तर जपानचा असाच कार्यक्रम इ.स. १९६५ मध्ये सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने इ.स. १९७० मध्ये मंजूर केलेला स्वयंसेवक कार्यक्रम पुढील वर्षी कार्यान्वित झाला.

महाराष्ट्रात आलेले स्वयंसेवक

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनात १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे स्वयंसेवक आले. त्यांनी कुष्ठरुग्णांबरोबर राहून बांधकामात श्रमदान केले. त्या काळी कुष्ठरुग्णांनी पिकवलेला भाजीपाला विकत घेण्यास लोक धजावत नसत. परदेशी तरुण रुग्णांच्या हातचे अन्न खातात, हे पाहून परिसरातील भीती कमी होण्यास मदत झाली. या शिबिराचे महत्त्व उभ्या राहिलेल्या इमारतींइतकेच लोकांच्या मनातील या बदलातही होते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या परिचारिका होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी, इ.स. १९६६ मध्ये, त्या पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेज वसाहतीत आल्या. तेथे त्यांनी कुटुंबनियोजनाचे व दवाखान्यातील काम केले. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे इ.स. १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पीस कोअरचे भारतातील काम इ.स. १९७६ मध्ये थांबले.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी इ.स. १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना गावाच्या आरोग्यसेविका बनवणे हा या प्रकल्पाचा गाभा होय. येथे अनेक देशांतील डॉक्टर व विद्यार्थी येतात, परंतु ते मुख्यतः शिकण्यासाठी. परदेशी पाहुणा शिक्षक असतो आणि गावकरी विद्यार्थी, ही नेहमीची मांडणी जामखेडने उलटी केली.

महाराष्ट्रातून परदेशी गेलेले

चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने इ.स. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे महाराष्ट्रातील होते. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली, युद्धआघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद सांभाळले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. व्ही. शांताराम यांनी इ.स. १९४६ मध्ये त्यांच्या जीवनावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

वसईचा संबंध याहून बराच जुना आहे. पोर्तुगीज अमलात वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे तरुणपणी जपानला गेले. काही काळ व्यापार केल्यानंतर ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि इ.स. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला परतले. क्योटो येथे या संघाने गरीब व कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालवले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे देहदंड देण्यात आलेल्या २६ जणांत गार्सिया होते. इ.स. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. वसईतील गास येथील चर्च आणि वसईतील एक महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या कार्याचा मूळ हेतू धर्मप्रसार असल्याने त्याला आजच्या अर्थाने स्वयंसेवा म्हणता येत नाही. तथापि परक्या समाजात काम करताना भाषाज्ञानाला किती मोल असते, याचे ते ठळक उदाहरण आहे. गार्सियांचे महत्त्व प्रामुख्याने त्यांना अवगत असलेल्या जपानी भाषेमुळे होते.

वसई-विरार परिसर

वसई-विरार शहर महानगरपालिका इ.स. २००९ मध्ये स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. रेल्वेमार्गालगत दाट वस्ती, पश्चिमेस बागायती व कोळीवाडे आणि पूर्वेस जंगल, आदिवासी पाडे व वीटभट्ट्या असे तालुक्याचे तीन भिन्न चेहरे आहेत. त्यामुळे एका भागाची गरज दुसऱ्या भागाला लागू पडत नाही.

शिक्षण

वारली, कातकरी व मल्हार कोळी समाजांतील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यामुळे मुलांचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. तालुक्यातील उसगाव येथून काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात यावर 'भोंगा शाळा' हा उपाय शोधला. भट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. मुले शाळेपर्यंत पोहोचत नसतील तर शाळाच भोंग्यापर्यंत न्यावी, ही त्यामागील कल्पना होती. संस्थेचे संस्थापक विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांना वेठबिगारीविरोधी कार्यासाठी इ.स. १९९९ मध्ये 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या लंडनस्थित संस्थेचा पुरस्कार मिळाला.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी इ.स. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा हे प्रयोग याच कामातून पुढे आले.

दोन्ही उदाहरणांत शिक्षकाने मुलाचे वेळापत्रक व परिसर स्वीकारला. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला शाळेतील प्रमाण मराठीही नवखी असते. अशा वर्गात काही आठवडे इंग्रजी शिकवण्यासाठी आलेल्या पाहुण्याचा उपयोग मर्यादित राहतो. शिक्षकांना अध्यापन-साहित्य तयार करण्यात साहाय्य करणे यांसारखी कामे अधिक टिकाऊ ठरू शकतात.

आरोग्य

ग्रामीण भागातील आरोग्यसेवेचा पाया प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्यावर उभा आहे. गरोदर स्त्री तपासणीला का आली नाही किंवा क्षयरोगाच्या रुग्णाने औषध मध्येच का सोडले, हे पाड्यावर नेहमी जाणाऱ्या कार्यकर्तीलाच कळू शकते. बाहेरून येणारा तज्ज्ञ परिचारिकांचे प्रशिक्षण किंवा विशेष शस्त्रक्रिया शिबिर यांत भर घालू शकतो. मात्र शिबिर संपल्यानंतर टाके काढणे, जखम पाहणे आणि औषधे चालू ठेवणे ही जबाबदारी स्थानिक केंद्रावरच येते. त्यामुळे अशा शिबिरांची आखणी केंद्रातील डॉक्टरांबरोबर आधीच होणे आवश्यक असते.

निसर्ग व वारसा

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वाढत्या बांधकामांमुळे वसईतील बागायती व गोड्या पाण्याच्या विहिरी धोक्यात आल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. शेतकरी, शिक्षक, महिला व धर्मगुरू यांचा तिच्यात सहभाग होता. इ.स. २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेल्या दिब्रिटो यांचे इ.स. २०२४ मध्ये निधन झाले.

तालुक्याच्या पूर्वेकडील तुंगारेश्वर अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा म्हणून ते महत्त्वाचे आहे. खाडीकाठच्या खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. खारफुटीची नासधूस हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. चिमाजी अप्पांनी इ.स. १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात स्थानिक दुर्गप्रेमी स्वच्छतेच्या मोहिमा राबवतात. हे संरक्षित स्मारक असल्याने पुरातत्त्व खात्याच्या संमतीवाचून तेथे खोदकाम किंवा दुरुस्ती करता येत नाही. निसर्गसंवर्धनातही उत्साहाला माहितीची जोड लागते. खारफुटी कोणत्या पातळीवर रुजते, हे ठाऊक नसताना केलेली लागवड भरतीबरोबर वाहून जाऊ शकते.

कायदेशीर चौकट

भारतात येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाच्या कामाचे स्वरूप व्हिसाशी सुसंगत असावे लागते. एक महिन्यापर्यंतचे विनामोबदला काम ई-पर्यटक व्हिसावर करता येते. नोंदणीकृत संस्थेत दीर्घकाळ मानद काम करण्यासाठी तशी विशेष नोंद असलेला रोजगार व्हिसा दिला जातो. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेस विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. परदेशी डॉक्टरला भारतातील वैद्यक नोंदणीविषयक परवानगीशिवाय रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. बालगृहांची नोंदणी बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बंधनकारक आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) नुसार अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी आहे. अभयारण्यातील प्रवेश व संशोधन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील परवानगीने होते.

टीका

विचारवंत इव्हान इलिच यांनी इ.स. १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण या विषयावरील टीकेचा आरंभबिंदू मानले जाते. ज्या समाजाची भाषा येत नाही आणि जो समाज आपल्याला नकारही देऊ शकत नाही, त्याच्यावर सेवा लादणे हा एक प्रकारचा अहंकार आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

पुढील काळात अनाथाश्रमांतील अल्पकालीन स्वयंसेवेवर विशेष आक्षेप घेतले गेले. कंबोडियातील पाहणीत अनाथाश्रमांतील बहुसंख्य मुलांच्या पालकांपैकी किमान एक जण हयात असल्याचे आढळले. पाहुणे व देणग्या यांच्या ओघामुळे मुलांना कुटुंबापासून दूर ठेवण्यास उत्तेजन मिळते, असा त्याचा अर्थ लावला गेला. सतत बदलणाऱ्या माणसांशी जडणारी व तुटणारी माया मुलांना घातक ठरते, हाही आक्षेप आहे. याखेरीज स्थानिक गवंडी, शिक्षक व परिचारिका यांचे काम हिरावले जाणे, अप्रशिक्षितांनी रुग्णांवर उपचार करणे आणि मुलांची छायाचित्रे संमतीविना प्रसिद्ध करणे या बाबींवरही टीका होते.

समर्थकांच्या मते योग्य नियोजन असल्यास अशा सेवेतून कौशल्यांची देवाणघेवाण होते, उपेक्षित प्रश्नांकडे लक्ष वेधले जाते आणि स्वयंसेवकाची समज आयुष्यभरासाठी बदलते. आनंदवनातील अनुभव या बाजूने मांडला जातो.

निवडीचे निकष

स्वयंसेवकाने व यजमान संस्थेने काही गोष्टी आधी पडताळून पाहाव्यात, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते:

• कामाची मागणी स्थानिक संस्थेने किंवा गावाने केलेली असावी.
• स्वयंसेवकाला मायदेशी जे काम करण्याची पात्रता नाही, ते काम त्याला परदेशातही देऊ नये.
• मुलांशी संबंध येणाऱ्या व्यक्तीची पार्श्वभूमी तपासावी व तिला मुलांसोबत एकटे ठेवू नये.
• स्वयंसेवकाने भरलेल्या शुल्कातील किती वाटा प्रत्यक्ष प्रकल्पाला मिळतो, हे स्पष्ट असावे.
• स्वयंसेवक परतल्यावर काम कोण चालू ठेवणार, हे त्याच्या आगमनापूर्वीच ठरलेले असावे.