परवाना बोटीचा, शिक्षा माणसाची (लेखांक ९)

या आठवड्यात गंभीर उल्लंघनांबद्दल मासेमारी परवान्यावर गुण लावणाऱ्या युरोपीय संघाच्या गुणपद्धतीचे विवेचन व्हायचे होते. परंतु गेल्या लेखांकातील अमेरिकी बोटमालक कार्लोस राफाएल याच्या मासळीच्या खोट्या नोंदींच्या खटल्यावरून एका वाचकाने जो प्रश्न विचारला आहे, तो सोडवल्यावाचून गुणपद्धतीचे मर्म उलगडणार नाही. मालकाला फौजदारी शिक्षा झाली की त्याच्या सर्व बोटींचे मासेमारी परवाने आपोआप स्थगित होतात काय, असा तो प्रश्न आहे.

उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण परवान्याच्या स्वरूपात आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर कॉड, हॅडॉक यांसारखे तळाजवळ वावरणारे मासे धरण्याचा संघीय परवाना बोटीच्या नावाने दिला जातो. त्या परवान्यामागे पूर्वीच्या मासेमारीची नोंद असते, तिच्यावरून दरवर्षीच्या कोट्यातील हिस्सा ठरतो, आणि त्यामुळे परवाना ही खरेदी-विक्रीची मौल्यवान वस्तू बनते. बोट हाकणाऱ्या कप्तानाचा परवाना मात्र वेगळा असून तो त्या व्यक्तीच्या नावाने असतो. म्हणजे दोषी माणूस, त्याची बोट आणि बोटीचा कप्तान या तिघांपर्यंत कायद्याला तीन स्वतंत्र वाटांनी पोहोचावे लागते.

राफाएलने २०१२ ते जानेवारी २०१६ या काळात सुमारे ७,८२,८१२ पौंड, म्हणजे जवळजवळ ३५५ टन मासळीची खोटी नोंद केली. कडक कोटा असलेले कॉड आणि ग्रे सोल हे मासे त्याने विपुल कोटा असलेल्या हॅडॉकसारख्या जातींच्या नावावर दाखवले. बोटीवरील नोंद आणि मासळी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची नोंद परस्परांशी ताडून पाहणे हा देखरेखीचा मुख्य आधार असतो, परंतु न्यू बेडफर्ड बंदरात बोटीही त्याच्या आणि खरेदीची पेढीही त्याचीच असल्यामुळे दोन्ही कागद बिनचूक जुळत राहिले. एकाच मालकाच्या हाती या दोन्ही बाजू जाऊ देणे हा त्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष होता, आणि परवान्यांच्या चर्चेत त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

सप्टेंबर २०१७ मध्ये त्याला ४६ महिन्यांचा कारावास आणि दोन लाख डॉलरांचा दंड झाला. सरकारने १३ बोटी व त्यांचे परवाने जप्त करण्याची मागणी केली होती, तथापि अपराधाच्या मानाने अतिरेकी दंडाला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीचा विचार करून न्यायाधीश विल्यम यंग यांनी चारच बोटींची जप्ती मान्य केली. उरलेल्या परवान्यांसाठी राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाला, म्हणजे 'नोआ'ला, मासेमारीचे नियमन करणाऱ्या मॅग्नुसन-स्टीव्हन्स अधिनियमाखाली स्वतंत्र दिवाणी कारवाई चालवावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती तडजोडीने मिटली : राफाएलने तीस लाख डॉलरांहून अधिक दंड भरावा, व्यापारी मासेमारी कायमची सोडावी आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आपल्या बोटी व परवाने विकून टाकावेत, असे ठरले. त्याच्या १७ कप्तानांचे व्यक्तिगत परवानेही २० ते २०० दिवसांपर्यंत स्थगित झाले.

मधल्या काळातील एक घटना मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. राफाएलच्या बोटी 'सेक्टर नऊ' या गटात होत्या. सेक्टर म्हणजे वार्षिक कोटा सामाईकपणे वापरणारा आणि त्याचा हिशेब देणारा बोटमालकांचा गट. या गटाने चुकीच्या नोंदींचा हिशेब पुरेसा दुरुस्त केला नाही म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये नोआने त्याची मान्यता काढून घेतली आणि २२ बोटी बंदरात अडकून पडल्या. कोकणातील अनेक बोटींप्रमाणे तेथेही खलाशांची कमाई मासळीच्या विक्रीतील वाट्यावर चालते; बोट निघाली नाही तर वाटा नाही, आणि ज्याने कधी नोंदवहीला हात लावला नाही त्या खलाशालाही घरी बसावे लागते. परवाना-स्थगिती परिणामकारक असते यात शंका नाही, पण खलाशांच्या निर्वाहाची तरतूद त्याच आदेशात असल्याखेरीज तिला न्याय्य म्हणणे कठीण आहे.

स्थगिती चुकवण्यासाठी बोट दुसऱ्याच्या नावावर करण्याची पळवाट मॅग्नुसन-स्टीव्हन्स अधिनियमाने आधीच बंद केलेली आहे. लागू झालेली किंवा प्रलंबित असलेली परवाना-कारवाई बोट विकल्याने संपत नाही आणि विक्रेत्याने ती होऊ घातलेल्या खरेदीदाराला लेखी कळवलीच पाहिजे, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. सबंध अधिनियमातील सर्वांत दूरदृष्टीची तरतूद कोणती असे विचारल्यास हिचेच नाव घ्यावे लागेल. युरोपीय गुणही बोट विकल्यावर बोटीबरोबर नव्या मालकाकडे जातात, आणि १८ गुण भरताच परवाना किमान दोन महिने थांबतो. ती मोजणी कशी होते आणि ९० गुणांवर काय घडते, हे पुढील लेखांकात पाहता येईल.