सिंहपुच्छ माकड

स्तनी वर्गाच्या नरवानर गणातील सर्कोपिथेसिडी कुलातील एक माकड. याचे शास्त्रीय नाव मॅकाका सायलेनस असे आहे. हे फक्त भारतात आणि तेही सह्याद्रीच्या (पश्चिम घाटाच्या) दक्षिण भागातील सदापर्णी वर्षावनांत आढळते. कर्नाटकातील अघनाशिनी व शरावती या नद्यांच्या खोऱ्यांपासून केरळ व तमिळनाडूतील डोंगरांपर्यंत याचा प्रसार तुटक स्वरूपात आहे. महाराष्ट्रात ते आढळत नाही. कन्नडमध्ये याला ‘सिंगळीक’ म्हणतात.

शरीराची लांबी सु. ४२–६१ सेंमी. व शेपटीची २४–३८ सेंमी. असते. नर मादीपेक्षा मोठा असतो. अंगावरील केस काळे चकचकीत असून चेहऱ्याभोवती राखाडी रंगाची आयाळ असते. शेपटीच्या टोकाला सिंहाच्या शेपटीप्रमाणे गोंडा असतो. त्यावरूनच हे नाव पडले आहे.

हे दिनचर असून बहुतेक आयुष्य उंच झाडांच्या शेंड्यांवर घालविते. कळपात साधारणतः १०–२० माकडे असतात व त्यांत बहुधा एकच प्रौढ नर असतो. त्याची हाक दूरवर ऐकू जाते व तिच्यामुळे शेजारचे कळप परस्परांपासून अंतर राखतात.

फळे, बिया, फुले, कीटक व लहान प्राणी हे याचे भक्ष्य होय. वनातील झाडे निरनिराळ्या काळी फळत असल्यामुळे वर्षभर पोट भरण्यास कळपाला विविध वृक्षांचे विस्तृत व सलग वन लागते. फळे खाताना ते गालांतील पिशव्यांत साठविते व दुसरीकडे जाऊन बिया थुंकते. लहान बिया विष्ठेवाटे बाहेर पडतात. अशा रीतीने बीजप्रसारास मदत होते. दक्षिणेकडील वनांतील कुलेनिया वृक्षाच्या फुलांचा मांसल भाग खाताना तोंडाला चिकटलेले पराग दुसऱ्या फुलांवर जातात. मात्र त्याच वृक्षाच्या बियाही ते खाऊन नष्ट करते. त्यामुळे वनाशी असलेला त्याचा संबंध एकेरी उपकाराचा नसून देवघेवीचा आहे.

मादीला पहिले पिलू सहा-सात वर्षांच्या वयात होते. गर्भावधी सु. सहा महिन्यांचा असून एका वेळी बहुधा एकच पिलू जन्मते. दोन वितांत सु. तीन वर्षांचे अंतर पडते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. चहा, कॉफी व वेलदोड्याचे मळे, धरणे व रस्ते यांमुळे वनांचे तुकडे झाले व कळप एकमेकांपासून तुटले. अन्नमलई डोंगरातील वालपारई येथे चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या वनखंडांतील माकडे जमिनीवर उतरून रस्ते ओलांडतात. काही वाहनांखाली सापडतात. त्यासाठी तेथे रस्त्यावरून झाडांना जोडणारे झुलते पूल बांधण्यात आले आहेत.

याची एकूण संख्या ४,००० पेक्षा कमी असावी, असा अंदाज आहे. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानुसार याला संरक्षण आहे. केरळातील सायलेंट व्हॅली येथे कुंतीपुळा नदीवर योजिलेल्या जलविद्युत् प्रकल्पाविरुद्धच्या चळवळीत हे माकड वनाचे प्रतीक ठरले. प्रकल्प १९८३ मध्ये सोडून देण्यात आला व १९८४ मध्ये ते वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. या माकडासाठी राखलेल्या सलग वनात असंख्य वनस्पती, कीटक व उभयचर प्राणी आपोआप टिकून राहतात. प्राणिसंग्रहालयांत याची पैदास होते. परंतु वन तुटल्यास तेथे वाढलेल्या माकडांना परत सोडण्यास जागा उरणार नाही.