घरच्या हातांनी दोन आसनी विमान

आम्ही डिलाईल रोडवरच्या बाया बोलतोय. आमचा रस्ता गिरण्यांचा, इथं घराघरात कापडाची पारख. म्हणून आज कापडाच्याच एका वेगळ्या कामाविषयी सांगतो. कापडाचे पंख लावून हौशी माणसाला बांधता येतं असं दोन आसनांचं हलकं विमान!

ही नुसती कल्पना नाही. बंगळुरूच्या राजहंस अल्ट्रालाइट्सच्या ‘एक्स-एअर’ विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, आणि त्यावर ताणून बसवलेलं पॉलिस्टरचं पक्कं कापड. त्याचे सुटे भाग परदेशांत गेले आणि तिथल्या हौशी लोकांनी ते स्वतः जोडले. आपल्या मुंबईत वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीला, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. ते सहा आसनी. 2016 साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, 2017 साली त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाच्या चाचणीची परवानगी मिळायला 2019 उजाडलं.

आता दोन आसनी विमान आखायचं कसं? सुरुवात वजनापासून. अशा विमानाचं सगळं मिळून वजन 450 किलोच्या आत, असा दंडक अनेक देशांनी वर्षानुवर्षं पाळला. मग घरखर्चासारखा हिशेब मांडायचा. दोन माणसं 150 किलो. पन्नासेक लिटर पेट्रोल, म्हणजे 35 किलो. उरले 265. त्यात इंजिन, पंख, चाकं, खुर्च्या, सगळं बसवायचं. एका ठिकाणी दोन किलो वाढले, तर दुसरीकडे दोन किलो कापायचे.

एवढी काटकसर कशाला? पंखांवरून वाहणारी हवा विमानाला उचलून धरते. वजन जास्त असलं की तरंगत राहायला वेगही जास्त लागतो. मग विमान उतरतंही वेगात आणि त्याला धावपट्टीही लांब लागते. वेग फार कमी झाला, तर पंखांचा आधारच सुटतो. वेग कमी असतानाही आधार मिळावा म्हणून पंख मोठे करतात. आमच्याकडच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. अशा विमानाच्या दोन्ही पंखांचं क्षेत्रफळ साधारण तेवढंच भरतं.

दुसरी गोष्ट तोलाची. डोक्यावरचा हंडा जरा मागं कलला तर मान कशी अवघडते, ते तुम्हाला सांगायला नको. विमानाचंही तसंच. शेपटीकडे भार जास्त झाला, तर नाक वर जातं आणि ते आवरणं कठीण होतं. म्हणून दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी आणि विमानाचा तोल जिथं असतो त्याच्या जवळ ठेवतात. मग शेजारी कुणी बसलं काय, न बसलं काय, पुढचा-मागचा तोल फारसा बदलत नाही. इंधनाची टाकीही तिथंच जवळ.

तिसरी गोष्ट परीक्षेची. नमुन्याचा पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. उलटा का? उडताना हवा पंखाला वर ढकलते, इथं वाळू खाली दाबते. पंख उलटा ठेवला की दोन्ही जोर एकाच बाजूनं पडतात. विमानाच्या वजनाच्या साधारण चौपट भार त्यानं पेलायला हवा, आणि त्यावर दीडपट जादा ताकद राखून ठेवतात.

बांधणारा हौशी असला, तरी शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्याचा जीव बसलेला असतो. म्हणून प्रत्येक नळी, प्रत्येक बोल्ट वहीत लिहायचा, जाणकाराकडून तपासून घ्यायचा आणि सरकारी परवानगीशिवाय चाक जमिनीवरून उचलायचं नाही.

तुमच्या गावातली एखादी मुलगी विमानाकडे टक लावून बघत असेल, तर तिला सांगा, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घे. विमान दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाची वाट तिथून निघते. तिचं शिक्षण गटाच्या बैठकीत जरूर काढा.