थेंब थेंब गळणारा पंप

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे जाताना कामशेत मागे पडले की कार्ले फाटा लागतो. उजवीकडे एकवीरा देवीचा डोंगर आणि लेणी, डावीकडे मळवली स्टेशन. काही शिक्षकांबरोबर लेणी पाहून आम्ही फाट्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या गॅरेजसमोर एक जुना ट्रक उभा होता. बोर घाट चढून आलेला हा ट्रक पुण्याकडे निघाला होता. इंजिनाच्या पुढच्या बाजूने पाण्याचे थेंब टपटप पडत होते.

मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि म्हणाले, "पंप गेलाय. बदलावा लागेल."

ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, माल रात्रीच्या आत पोचवायचाय. त्या भोकाला एमसील लावा. पुण्यापर्यंत जाऊ द्या, तिथं बघतो."

"ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं," मिस्त्री म्हणाले. "ते मी बुजवणार नाही."

आमच्यातल्या एका बाईंनी लगेच विचारले, "ज्या वस्तूत पाणी राहायला हवे, तिला मुद्दाम भोक कशाला ठेवायचे?" प्रश्न अगदी योग्य होता. ड्रायव्हरने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गेले दहा दिवस रेडिएटरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावे लागत होते. आणि घाटात तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला होता, पण खंडाळ्याच्या जवळ तो आपोआप खाली आला, म्हणून त्याने गाडी थांबवली नाही. भोक, रोजचे पाणी आणि खाली आलेला काटा या तिन्ही गोष्टींमागे शाळेत शिकवले जाणारेच विज्ञान आहे.

घाटात किती उष्णता तयार होते?

खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी जवळजवळ याच उंचीवरून खाली सोडून खोपोलीत १९१५ पासून वीज निर्माण केली जाते. पाणी उतरताना जी ऊर्जा देते, ती ट्रकला चढताना मोजावी लागते.

मालासह ट्रकचे वस्तुमान १६ टन धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की १६,००० × ९.८ × ५५० म्हणजे सुमारे ८६० लाख ज्यूल, अर्थात ८६ मेगाज्यूल येतात. चाकांचे घर्षण वगैरे धरून एकूण कार्य ११० मेगाज्यूल समजू. जुने डिझेल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण एकतृतीयांश भागच कामाला लावते. म्हणजे ३३० मेगाज्यूल ऊर्जेचे, सुमारे ९ लिटर डिझेल जाळावे लागेल. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबर बाहेर जाते. थंड करणाऱ्या पाण्याच्या वाट्याला इंधनातील ऊर्जेचा पाव भाग धरला, तरी ती ८० मेगाज्यूलच्या आसपास होते.

घाट चढायला अर्धा तास लागला, तर पाण्याला दर सेकंदाला सुमारे ४५ किलोज्यूल उष्णता मिळते. घरी पाणी तापवण्याचा विजेचा रॉड दीड किलोवॉटचा असतो. असे तीस रॉड एकाच वेळी पाण्यात सोडल्यासारखे हे झाले! इंजिन आणि रेडिएटरमध्ये मिळून २० लिटर पाणी आहे असे मानू. ते ८५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला २० × ४.२ × १५ म्हणजे १,२६० किलोज्यूल लागतात. उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला, तर एवढी उष्णता अठ्ठावीस सेकंदांत जमा होईल. इंजिनाचे लोखंडही थोडी उष्णता घेते, त्यामुळे प्रत्यक्षात एक-दोन मिनिटे मिळतील. त्याहून जास्त नाही.

पाणी वाहते, म्हणून उष्णता जाते

"पण रेडिएटर तर जागेवरच असतो. पाण्यातून उष्णता त्याच्याकडे आपोआप जाणार नाही का?" असे विद्यार्थी विचारतील. त्यांना एक प्रयोग करून दाखवावा. परीक्षानळीत बर्फाचा लहान खडा टाकून त्यावर तारेच्या जाळीचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे तो तळाशीच राहील. नळी पाऊण भरेल इतके पाणी घाला. नळी चिमट्यात तिरकी धरून पाण्याचा फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. नळीचे तोंड कोणाच्याही दिशेला नसावे. थोड्या वेळाने वरचे पाणी उकळू लागेल, पण तळाचा बर्फ तसाच असेल. पाणी उष्णतेचे मंद वाहक आहे. उष्णता दुसरीकडे न्यायची, तर पाण्यालाच जागा सोडून जावे लागते.

हीच नळी खालून तापवली, तर गरम पाणी हलके होऊन वर येते आणि थंड पाणी खाली जाते. घरांच्या गच्चीवरील सौर बंबात पाणी असेच आपोआप फिरते. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांत पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकण्यात आला आणि पाणी अशाच अभिसरणाने फिरू लागले. वीस अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला एवढे पुरत असे. आपल्या ट्रकला मात्र ते पुरणार नाही. रेडिएटरमधून जाताना पाणी ८ अंशांनी थंड होते असे मानू. मग सेकंदाला ४५ किलोज्यूल बाहेर टाकण्यासाठी मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी फिरायला हवे. म्हणजे तेच २० लिटर पाणी मिनिटाला चार फेऱ्या मारणार. त्यासाठी पंप हवा.

रवी आणि पंप

ताक घुसळताना रवीभोवतीचे ताक कडेला फेकले जाते आणि मध्ये खळगा पडतो, हे आपण पाहतो. पाण्याचा पंप याच तत्त्वावर चालतो. बंद भांड्यात पात्यांचे एक चक्र वेगाने फिरते. मध्यभागी आलेले पाणी पाती कडेला फेकतात. तेथून ते इंजिनात शिरते. मध्यभागी कमी झालेल्या दाबामुळे रेडिएटरमधील थंड पाणी आत ओढले जाते. हे चक्र इंजिनाच्या पुढच्या पट्ट्याने फिरते. अनेक जुन्या ट्रकमध्ये रेडिएटरवर हवा खेचणारा मोठा पंखाही याच दांड्यावर बसवलेला असतो.

आता दांड्याचे एक टोक पाण्यात आणि दुसरे बाहेर पट्ट्याच्या पुलीवर असते. मध्ये त्याला आधार देणारे बेअरिंग असते. त्यात ग्रीस भरलेले असल्यामुळे तेथे पाणी मुळीच जाता कामा नये. म्हणून पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये सील बसवतात. एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या, असे त्याचे स्वरूप असते. घासणारी वस्तू आज ना उद्या झिजणारच. हे ओळखून पंप बनवणाऱ्यांनी सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, पंपाच्या पोटाला खालच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. झिजलेल्या सीलमधून आलेले पाणी बेअरिंगपर्यंत न पोचता या छिद्रातून खाली पडते. ते जमिनीवर पडलेले दिसते, म्हणून मालकाला वेळेवर कळते.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. छिद्र बुजवले म्हणून सीलमधून येणारे पाणी थांबत नाही. फक्त ते दिसेनासे होते आणि बेअरिंगकडे वळते. ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो, दांडा डुलू लागतो. शेवटी बेअरिंग अडकून पट्टा तुटतो, किंवा डुलणारा पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसतो. भरलेल्या ट्रकमध्ये हे चढावर किंवा रात्रीच्या वाहतुकीत घडले, तर प्रश्न केवळ इंजिनाचा राहत नाही.

रोजच्या पाण्याने काय केले?

मिस्त्रींनी पंप उतरवून आमच्या हातात दिला. पात्यांच्या कडा खाल्लेल्या होत्या आणि आत तांबूस गाळ होता. रस्त्याकडेच्या नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षार असतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहिले, तर त्यातील ऑक्सिजन लवकर संपतो आणि गंजणे मंदावते. रोज नवे पाणी घातले, की गंजाला रोज नवा खुराक मिळतो. गंजाचे कण सील झिजवतात, गळती वाढते, म्हणून आणखी पाणी घालावे लागते. असे हे दुष्टचक्र आहे. इंजिनाच्या भिंतींवर बसणारा क्षारांचा थर उष्णतेलाही अडवतो. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?" असे अनेकांना वाटते. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. आपल्याकडे त्याचा उपयोग यासाठी आहे.

पाती झिजली की पंप फिरतो, पण पाणी कमी फेकतो. समजा, प्रवाह निम्म्यावर आला. सपाट रस्त्यावर इंजिन घाटातल्यापेक्षा पुष्कळ कमी उष्णता देते, त्यामुळे निम्मा प्रवाहही भागवून नेतो. घाटात मात्र तो अपुरा पडतो. म्हणून असा ट्रक लोणावळा ते कार्ले या सपाटीवर निरोगी वाटतो आणि चढावर त्याचा आजार उघड होतो.

काटा खाली आला, तेव्हा

सर्वांत फसवी गोष्ट त्या काट्याची. काटा इंजिनाचे तापमान सांगतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याची संवेदक कळ इंजिनाच्या वरच्या भागातील पाण्यात बुडालेली असते आणि ती त्या पाण्याचे तापमान सांगते. पाण्याची पातळी घसरून कळ उघडी पडली, की तिच्याभोवती फक्त हवा आणि वाफ उरते. पाण्याइतकी उष्णता ती कळीला देऊ शकत नाही. काटा खाली येतो आणि इंजिन मात्र तापतच असते! चढ संपण्याआधीच काटा अचानक उतरला, तर ती आनंदाची बातमी नव्हे.

अशा वेळी काय करावे? गाडी बाजूला घेऊन चाकांना दगड लावावेत. पट्टा शाबूत असेल आणि पाणी शिल्लक असेल, तर इंजिन भाराशिवाय थोडा वेळ चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरून उष्णता निघून जाईल. पट्टा तुटला असेल किंवा पाणी संपले असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. लोणावळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळते. पण झाकणाची स्प्रिंग आत जास्त दाब ठेवते, त्यामुळे आतले पाणी १०८ अंशांनाही द्रवरूप राहू शकते. झाकण उघडताच दाब उतरतो आणि त्या पाण्याचा सुमारे पन्नासावा भाग तत्काळ वाफ होतो. २० लिटरमधून सहाशे लिटरहून अधिक वाफ! ती उकळते पाणी बरोबर घेऊन थेट तोंडावर येते. वरचा रबरी पाइप हाताने धरवेल इतका निवेपर्यंत थांबावे. त्यानंतर इंजिन भाराशिवाय चालू ठेवून थोडे थोडे पाणी घालावे. तापलेल्या लोखंडावर एकदम थंड पाणी पडले, तर ते असमान आकुंचन पावून हेडला तडा जाऊ शकतो.

पंप जाण्याआधी दिसणाऱ्या खुणा सोप्या आहेत. छिद्राखाली ओल किंवा पांढरट-तांबूस ओघळ दिसतात. पुलीजवळ घरघर किंवा किरकिर ऐकू येते. इंजिन बंद असताना पंख्याचे पाते धरून मागे-पुढे हलवले, तर दांडा डुलतो. यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी घाट चढण्यापूर्वी पंप बदलावा.

त्या दिवशी पंप बदलायला सुमारे तीन तास लागले. ड्रायव्हर सुरुवातीला वैतागला होता, पण मिस्त्रींनी दांडा बोटांत धरून हलवून दाखवल्यावर तो गप्प झाला. "घाटातच अडकला असता, मिस्त्री," एवढेच तो म्हणाला. जुना पंप त्याने आम्हाला देऊन टाकला.

आता तो त्या बाईंच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. विद्यार्थी छिद्रात तार घालतात आणि ती कोठे निघते ते पाहतात. तेव्हा बाई त्यांना विचारतात, "हे भोक बुजवले, तर पाणी कुठे जाईल?" आपल्या गावातील गॅरेजमध्येही असा एखादा निकामी पंप सहज मिळेल. वर्गात तो मुलांच्या हाती द्यावा आणि हाच प्रश्न विचारावा.