साखरेची रिकामी जागा

दुधाच्या चॉकलेटची बाजारातली कोणतीही वडी उलटी करून वेष्टनावरचा पोषणाचा तक्ता वाचा. १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये ५० ग्रॅमच्या आसपास साखर असते. उरलेल्या निम्म्यात दुधाची पावडर, कोको बटर आणि थोडासा कोको. लो-कार्ब चॉकलेट घरी करायला निघालेली मंडळी आधी विचारतात, ‘साखरेऐवजी गोडीला काय घालू?’ माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं ते असं की, वडीचा निम्मा भागच काढून टाकल्यावर त्या जागी काय येणार? साखर गोडीबरोबर वजन देते, वडीला अंग देते, दाताखाली तुटण्याचा गुण देते. स्टीव्हियाचे चार थेंब गोडी आणतील, पण वडी उभी करणार नाहीत. पाककृती फसतात त्या बहुतेक इथेच.

ही जागा भरणाऱ्या वस्तू मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुकं खोबरं, शेंगदाणे, तीळ, बदाम, अक्रोड, दह्याचा चक्का. या सगळ्यांत स्निग्धांश किंवा प्रथिनं भरपूर, कर्बोदकं बेताची, आणि दाणे, खोबरं, तीळ यांच्या कर्बोदकांतला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा तंतूंचा, जे रक्तातली साखर वाढवत नाहीत. डेसिकेटेड खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम कर्बोदकं, पण त्यांतले १६ ग्रॅम तंतू. शेंगदाण्यात १६ पैकी साधारण ८. काजू मात्र वेगळा. त्यात ३० ग्रॅम कर्बोदकं आणि तंतू जेमतेम ३, म्हणून काजूकतलीला कोको लावून ती लो-कार्ब होत नाही.

हे सगळं आपण का करायचं, याचं उत्तर आकड्यांतच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याकडे तर डॉ. श्रीकांत जिचकार आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांमुळे इन्सुलिन हा शब्द घराघरांत पोचला. फराळाच्या ताटापाशी बसून फक्त चिवड्यातले दाणे वेचणारं एक तरी माणूस आज प्रत्येक कुटुंबात असतं. त्या माणसासमोर काहीतरी खरोखर चांगलं ठेवता यावं, याची मला मनापासून तळमळ आहे. ‘तुझ्यासाठी वेगळं केलंय’ म्हणून बेचव काहीतरी समोर सरकवणं हा सणाचा पाहुणचार नव्हे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘साखर घातलीच नाही, खजूर घातलाय’ असं म्हणून केलेले खजूर-कोकोचे लाडू पौष्टिक असतील, लो-कार्ब मुळीच नसतात. १०० ग्रॅम सुक्या खजुरात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गुळात तर ८५ हून अधिक. मध, मनुका, अंजीर, खारकेची पूड ही सगळी त्याच पंगतीतली. लोह मिळतं, खनिजं मिळतात हे खरं, पण ग्लुकोमीटरला ते कळत नाही.

दुसरी चूक डब्याची होते. कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट दुकानात शेजारी-शेजारी असतात. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये निम्म्याहून जास्त साखर असू शकते. घटकांच्या यादीत ‘कोको सॉलिड्स’ किंवा ‘कोको पावडर’ एवढंच लिहिलेलं हवं, फार तर आम्लता नियामक. हा नियामक असला की समजायचं की कोकोवर अल्कलीची प्रक्रिया झाली आहे. नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही युक्ती काढली. १८२८ मध्ये त्यांनी कोकोतला स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, आणि आजची कोको पावडर त्याच वाटेने आली. अल्कली दिलेला कोको गडद आणि चवीला मवाळ, पण त्यातली फ्लॅव्हनॉल्स घटतात. न दिलेला कोको फिकट, आंबटसर आणि तुरट. साखर नसलेल्या पदार्थात तुरटपणा उघडा पडतो, म्हणून वड्यांना मी अल्कलीवाला वापरते.

तिसरी गोष्ट कंपाउंडची. केकच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लाद्या बहुधा ‘डार्क कंपाउंड’ असतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध आणि भरपूर साखर असते. रंग काळा असला तरी तक्ता वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नये. खऱ्या डार्क चॉकलेटवर ८५ टक्के लिहिलेलं असेल तर उरलेले १५ टक्के जवळजवळ साखरच असते, म्हणजे हिशेब सोपा. परदेशातून कुणी चॉकलेट आणलं असेल तर एक बारकावा लक्षात ठेवावा. युरोपातल्या तक्त्यात कर्बोदकांचा आकडा तंतू वगळून दिलेला असतो, अमेरिकेतल्या तक्त्यात तंतू धरून. युरोपच्या आकड्यातून तंतू पुन्हा वजा केले तर आपण स्वतःलाच फसवतो.

आता गोडी. घरगुती चॉकलेटसाठी आज सर्वांत जास्त वापरलं जातं ते एरिथ्रिटॉल. साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्के गोड, रक्तातली साखर जवळपास न हलवणारं, आणि बरंचसं लघवीवाटे तसंच बाहेर पडणारं. त्याला वजन आहे, म्हणून ते रिकाम्या जागेचा थोडा भागही भरतं. पण त्याच्या दोन खोडी आहेत. विरघळताना ते उष्णता शोषतं, त्यामुळे जिभेवर गारवा जाणवतो. पुदिन्याबरोबर हा गारवा शोभतो, नुसत्या कोकोबरोबर खटकतो. दुसरं म्हणजे थंड झाल्यावर त्याचे स्फटिक पुन्हा जमतात आणि वडी कचकचते. उपाय एकच, त्याचं प्रमाण कमी ठेवायचं आणि उरलेली गोडी चिमूटभर शुद्ध स्टीव्हियाने भागवायची. स्टीव्हिया साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतं आणि जास्त झालं की कडवट लागतं, म्हणून दोघांनी एकमेकांची उणीव झाकलेली बरी. एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक करून, चाळूनच घ्यावं.

बाजारातल्या ‘शुगर फ्री’ चॉकलेटांत मात्र बऱ्याचदा माल्टिटॉल असतं. ते साखरेइतकं नाही, तरी रक्तातली साखर वाढवतंच, आणि जास्त खाल्लं की पोट फुगतं, जुलाब होतात. टेबलावर ठेवायच्या गोडीच्या पुड्यांतही वजनासाठी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज मिसळलेलं असू शकतं. चहात एक पुडी ठीक, वड्यांसाठी वीस पुड्या फोडल्या तर ते कर्ब मोजावे लागतात.

आणि एक इशारा, जो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातलं एरिथ्रिटॉलचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दाखवला. संबंध म्हणजे कारण नव्हे, शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं. पण ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी ते रोज वाटीवाटीने खाऊ नये, एवढा अर्थ मी त्यातून घेते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका असं सांगितलं. मला यातून दिसणारी वाट साधी आहे: गोडीच कमी करत न्यायची. काही आठवडे साखर कमी केली की पूर्वी कडू वाटणारा कोको आपला वाटू लागतो. तोवर मीठ मदतीला येतं. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं, आणि वेलची, जायफळ, दालचिनी, कडक कॉफीचा अर्धा चमचा जिभेला दुसरीकडे वळवतात.

सगळ्यांत हुकमी पदार्थ म्हणजे शेंगदाणा-कोकोची वडी. २०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सोलून, मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवायचे. आधी कूट होईल, मग गोळा, आणि शेवटी तेल सुटून सैल लगदा. इथपर्यंत धीर धरला की पुढचं सोपं. त्यात ३० ग्रॅम चाळलेला कोको, ५० ग्रॅम पातळ केलेलं साजूक तूप, ४० ग्रॅम एरिथ्रिटॉलची पूड, चिमूटभर मीठ, वेलची. थाळीत थापून वरून भाजलेले तीळ दाबायचे आणि फ्रिजमध्ये ठेवून २४ वड्या पाडायच्या. तंतू वजा केले तर एका वडीत जेमतेम १ ग्रॅम कर्बोदकं. कॅलरी मात्र ७० च्या आसपास, कारण दाणे आणि तूप आपलं काम करतातच. लो-कार्ब म्हणजे कमी कॅलरी असं कुणी समजू नये.

खोबऱ्याचं चॉकलेट दिसायला देखणं. कोको आणि नारळ यांची सोबत जुनी आहे. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत कोकोची झाडं नारळ-सुपारीच्या बागांत, त्यांच्या सावलीत वाढवतात, आणि दक्षिण कन्नडमधल्या पुत्तूरला सुपारी-कोको उत्पादकांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून उभा आहे. १५० ग्रॅम डेसिकेटेड खोबरं कढईत किंचित गरम करून त्यात नारळाचं दाट दूध चमच्या-चमच्याने, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपत घालायचं. बेताची गोडी, वेलची, बोटाएवढे लांबट गोळे, आणि तासभर फ्रिजमध्ये. मग ८५ टक्क्यांचं वितळवलेलं चॉकलेट काट्याने वर ओढायचं.

चॉकलेट वितळवताना पाणी हा शत्रू. पातेल्यात पाणी तापवून वर कोरडं वाडगं ठेवायचं, तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. एक थेंब आत गेला तरी चॉकलेट आवळून गुठळ्या होतात. वर तकाकी हवी असेल तर तापमान सांभाळावं लागतं. कोको बटर सहा प्रकारे गोठतं आणि त्यांतला एकच प्रकार चकचकीत, टक्‌कन तुटणारा, सुमारे ३४ अंशांना वितळणारा असतो. तो मिळवायला डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं. स्वयंपाकाचा डिजिटल तापमापक घ्यावाच. तो नसेल तर तकाकीचा नाद सोडून फ्रिजमध्ये जमवावं, चवीत फार फरक पडत नाही.

अगदी मुळापासून लादी करायची असेल तर १०० ग्रॅम कोको बटर वितळवून त्यात ६५ ग्रॅम कोको आणि ४० ग्रॅम एरिथ्रिटॉलची पूड घोटायची. कोको बटर महाग आहे, पण त्याला पर्याय नाही. खोबरेल तेल घातलेली लादी २४-२५ अंशांनाच ढेपाळते, आणि दिवाळीत आपल्या बऱ्याच गावांत दुपारी पारा त्याच्या वर असतो. घरच्या लादीत किंचित रवाळपणा राहणारच, कारण कारखान्यातल्या चॉकलेटचे कण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक वाटलेले असतात. ज्यांना तो सोसवत नाही त्यांनी दगडी पाट्यांचा टेबलटॉप वेट ग्राइंडर वापरावा. इडलीच्या पिठासाठी कोइमतूरकडे घडलेलं हे यंत्र अमेरिकेतल्या छोट्या चॉकलेटकारांनी कोकोच्या बिया वाटायला उचललं, आणि घरगुती चॉकलेटची तिथली चळवळ त्यावरच वाढली. त्यात चुकूनही पाणी राहता कामा नये.

माझा आवडता पदार्थ मात्र चॉकलेटचं श्रीखंड. सायीच्या दह्याचा रात्रभर टांगलेला अर्धा किलो चक्का घ्यायचा. टांगताना पाण्याबरोबर लॅक्टोजही बरंच निघून जातं. ३० ग्रॅम कोको गरम सायीत किंवा क्रीममध्ये कालवून, गार करून चक्क्यात मिसळायचा, ५० ग्रॅम एरिथ्रिटॉलची पूड आणि थोडं स्टीव्हिया घालून सगळं पुरणयंत्रातून काढायचं. नेहमीच्या श्रीखंडात साखर पाणी सोडते आणि चक्का सैल होतो. इथे ती नाही, म्हणून चार-पाच चमचे क्रीम जास्त लागतं. आठ वाट्या होतात आणि वाटीमागे अंदाजे ४-५ ग्रॅम कर्बोदकं पडतात. चक्क्याइतकीच साखर घातलेल्या श्रीखंडाच्या तेवढ्याच वाटीत साखर चाळीस ग्रॅमच्या घरात जाते.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी फराळ एकाएकी बदलताना डॉक्टरांशी बोलावं, कारण कर्बोदकं कमी झाली आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक उतरू शकते. तशी ती उतरली, घाम सुटला, हात थरथरू लागले तर यातली एकही वडी देऊ नये. त्या वेळी साधी साखर किंवा ग्लुकोज पाण्यातूनच द्यायचं. चॉकलेट साखरेचं असलं तरी त्यातल्या स्निग्धांशामुळे ती रक्तात उशिरा पोचते.

दाण्याच्या वड्या हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये पंधरा दिवस चांगल्या राहतात, खोबऱ्याच्या आठवडाभर, श्रीखंड चार दिवस. डबा फ्रिजमधून काढल्यावर झाकण लगेच उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ वड्यांवर जमून पांढरट डाग पडतात. आणि कुणाला देणार असाल तर झाकणावर चिठ्ठी चिकटवा: कोणती गोडी घातली आहे, दाणे किंवा बदाम आहेत का, फ्रिजमध्ये ठेवायचं का, आणि घरात कुत्रा असेल तर त्याला देऊ नये. कोको कुत्र्यांना बाधतो, आणि गोडीसाठी झायलिटॉल वापरलं असेल तर ते थोडंसंही त्यांच्या जिवावर बेतू शकतं.