बळीचं राज्य: पोथीतलं आणि उंबऱ्यावरचं

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पुण्याच्या मंडईबाहेरच्या फुटपाथवर कारिटांचे ढीग लागतात. हिरवं, पिवळसर रेघांचं, कडूजहर रानफळ. एरवी त्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, पण त्या रात्री बाया घासाघीस न करता पिशवीत टाकतात, कारण पहाटे ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं असतं. तोच नरकासुराचा वध. शेजारीच शिंदीच्या केरसुण्यांच्या जुड्या उभ्या असतात. पलीकडे लाह्या-बत्तासे, बोळकी, पणत्या, झेंडू. केरसुणी अमावास्येला लक्ष्मी म्हणून पुजली जाते. मग पाडव्याची पहाट उजाडते, जुन्या सुपलीत घरातला केर भरून वर दिवा ठेवला जातो आणि तो बाहेर टाकताना घरची बाई म्हणते, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’

म्हणजे एकाच घरात, दोन-तीन दिवसांच्या आत, एक असुर पायाखाली चिरडला जातो आणि दुसऱ्या असुराचं राज्य यावं म्हणून मागणं घातलं जातं. सामान एकाच बाजारातलं, हातही तेच. वर्षानुवर्षं आपण हे करत आलो आणि त्यात काही विसंगती आहे असं बहुतेकांच्या मनातही आलं नाही. ज्यांच्या मनात आलं, त्यांचंच नाव आज या मंडईला आहे.

पुण्याच्या भाजीबाजाराची जागा पूर्वी शनिवारवाड्यापुढचं पटांगण होती. पुढे शुक्रवार पेठेत अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत उभी राहिली, 1886 साली खुली झाली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट म्हणून ओळखली गेली. जोतीराव फुले यांचा या खर्चाला विरोध होता. गोरगरिबांच्या पोरांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतीला आहे, हे त्यांना पटत नव्हतं. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. फुले हे फुलं-भाजी पिकवणाऱ्या, विकणाऱ्या माळी घराण्यातले. गंज पेठेतलं त्यांचं घर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ छापली. धोंडीबा आणि जोतीबा यांच्या सवालजबाबातून उलगडत जाणाऱ्या त्या पुस्तकाच्या मध्यभागी बळीराजा आहे.

फुले काय म्हणाले ते सांगण्याआधी बळीची लेखी हकिकत पाहायला हवी, कारण ती वाटते तितकी सरळ नाही. ऋग्वेदात विष्णूची तीन पावलं आहेत, पण तिथे बळी नाही आणि वामनही नाही. शतपथ ब्राह्मणात विष्णू वामन आहे. हा वामन आडवा पडून जेवढी जागा व्यापेल तेवढी जमीन देवांना द्यायला असुर तयार होतात आणि सारी पृथ्वी गमावून बसतात. इथेही बळीचं नाव नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला पतंजली मात्र बळीला ओळखतो, आणि तोही व्याकरणाच्या एका अडचणीत. बळीला बांधून तर युगं लोटली, मग ‘बळीला बांधतो’ असा वर्तमानकाळ कसा चालतो, असा त्याच्यापुढे प्रश्न होता. त्याने दिलेलं उत्तर असं की कथा सांगणारे आणि सोंग आणणारे ती गोष्ट लोकांच्या डोळ्यांपुढे घडवतात, म्हणून तो वर्तमानकाळ. मला हा सगळ्या संस्कृत वाङ्मयातला अतिशय मोलाचा पुरावा वाटतो. पुराणं आजच्या रूपात येण्याच्या कितीतरी आधी, बळी ही रस्त्यावर, लोकांसमोर, दरवेळी नव्याने घडणारी गोष्ट होती.

पुराणांनी तिला वंशावळ दिली. हिरण्यकशिपूचा प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन, विरोचनाचा बळी. दान देणारा, शब्द पाळणारा, तरीही असुर. भागवताला या राजाचं काय करावं हा पेच पडलेला दिसतो. तिसऱ्या पावलाला जागा नाही म्हणून बळी आपलं डोकं पुढे करतो, सुतळात जातो, आणि मग खुद्द विष्णू त्याच्या दाराशी राखणीला उभा राहतो. ज्याला ढकललं त्याचाच देव द्वारपाल झाला, हे लिहिणाऱ्याच्या मनाची टोचणी सांगतं. सुमारे 1030 साली अल बिरूनीने हिंदुस्थानची माहिती लिहिली, तेव्हा त्याला दिवाळीबद्दल असं कळलं होतं की विष्णूची लक्ष्मी वर्षातून या एका दिवशी बळीला पाताळातून सोडते आणि तो वर येऊन जगात फिरतो. भविष्योत्तर पुराणात या दिवशी पाच रंगांनी बळी आणि त्याची राणी विंध्यावली यांचं चित्र काढून पूजा करायला सांगितली आहे. भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त पां. वा. काणे यांनी या विधीचा मागोवा घेतला आहे.

फुल्यांनी ही सारी पोथी बाजूला ठेवली आणि उंबऱ्याकडे पाहिलं. विजयादशमीला काही घरांत कणकेचा किंवा तांदळाचा बळी करतात. ब्राह्मणाघरी पुरुष त्याच्या पोटावर डावा पाय देऊन आपट्याच्या काडीने ते फोडून आत जातो, आणि शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या बाया तोच बळी दारात ठेवून, ओवाळून, बळीचं राज्य येवो म्हणतात. एकाच बाहुलीशी दोन घरं दोन तऱ्हांनी वागतात. फुले म्हणाले, ही हरलेल्यांची आणि जिंकलेल्यांची आठवण आहे. त्यांच्या मते बळी हा या भूमीचा राजा. नऊ खंडांवरचा त्याचा अधिकारी तो खंडोबा, महासुभ्यावरचा तो म्हसोबा, आणि बाणासुर हा बापाच्या मागे लढत राहिलेला मुलगा. अवतारांची मालिका त्यांनी एकामागून एक आलेल्या स्वाऱ्यांची यादी म्हणून वाचली.

या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत, आणि अवतारांना सनावळीत बसवण्याला ऐतिहासिक पुरावा नाही. पण फुल्यांनी जे निरीक्षण केलं ते भक्कम आहे. लिहिलेल्या कथेत बळीचा पराभव हा शेवट आहे. बायांच्या तोंडी तो शेवट नाही. तिथे बळीचं राज्य अजून यायचं आहे. ही दोन वाक्यं एकाच कथेतून निघत नाहीत. दुसरी कथा कुणीतरी जपली, आणि ती जपणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती.

याच जातीचं उदाहरण फार दूर, आयर्लंडमध्ये सापडतं, आणि तिथे पोथी कुणी लिहिली याचाही पुरावा हाती आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वीचे तिथले देव म्हणजे तुआथा दे दानान. कथा अशी की मीलचे पुत्र समुद्रापलीकडून आले, त्यांनी या देवांना हरवलं, आणि मग जमिनीचे दोन भाग झाले. वरचा भाग माणसांना मिळाला, खालचा देवांना. देव टेकड्यांच्या आणि प्राचीन थडग्यांच्या पोटात राहायला गेले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आपल्या दिवाळीच्या आगेमागे, साव्हिन नावाचा सण येतो. वर्षाचा उन्हाळी अर्धा भाग सरून हिवाळी अर्धा भाग सुरू होतो. त्या रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि खालचे वर येतात.

त्यातल्या एका कथेपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. बॉइन नदीकाठी ब्रू ना बोइन्या हे प्रचंड थडगं आहे, आज न्यूग्रेंज म्हणून ओळखलं जाणारं. त्याचा मालक एल्कमार. साव्हिनच्या दिवशी अंगस नावाचा तरुण देव त्याच्याकडे जातो आणि एक दिवस व एक रात्र या जागेचं राज्य मागतो. एवढंसं मागणं, एल्कमार देतो. मुदत संपल्यावर परत मागायला येतो तेव्हा अंगस सांगतो की जगाचं सारं आयुष्य दिवस आणि रात्र यांचंच बनलेलं आहे, तेव्हा तू मला कायमचं दिलंस. तीन पावलांत जशी सारी पृथ्वी मावली, तसा एका दिवस-रात्रीत सारा काळ मावला. दोन्हीकडे मागणारा लहानसं मागतो आणि देणारा शब्दाला बांधला जातो.

आणखी एक छोटी कथा आहे. हरलेले देव जमिनीखाली गेले खरे, पण त्यांनी मीलच्या पुत्रांचं धान्य आणि दूध नासवायला सुरुवात केली. शेवटी विजेत्यांना देवांच्या वडीलधाऱ्या दाग्दाशी तह करावा लागला, तेव्हा कुठे शेतात कणीस आणि सडात दूध राहिलं. मॉयटुराच्या लढाईच्या कथेत तर हरलेल्या ब्रेस राजाला जीवदान मिळतं ते नांगरणी, पेरणी आणि कापणी कधी करावी हे सांगितल्यावर. जमीन गेली तरी पिकाचा शब्द हरलेल्याकडेच राहिला. आपल्याकडे शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. पाताळात घातलेल्या राजाचं नाव नांगर धरणाऱ्याला मिळालं आहे, हे इथे आठवावं. या दोन गोष्टी एकमेकींकडून उसन्या घेतल्या असतील असं मी म्हणत नाही. शेती करणाऱ्या समाजात जमिनीखालच्या शक्तीशी असंच बोलणं होतं, इतकंच मला त्यातून दिसतं.

या आयरिश कथा टिकल्या त्या ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांमुळे. मूळ देवांवर त्यांचा विश्वास नव्हता. सुमारे 1100 साली क्लॉनमॅकनॉइसच्या मठात ‘लेबर ना हिद्रे’ ही चर्मपत्राची पोथी तयार झाली. संत किआरनच्या गायीच्या कातड्याची ती आहे अशी समजूत आहे. तिच्या लेखनिकांपैकी मेल मुइरे 1106 साली मठावर पडलेल्या धाडीत मारला गेला. आज तिची 67 पानं डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहेत. बाराव्या शतकातल्या ‘लेन्स्टरच्या पोथी’त बैलासाठी झालेल्या लढाईची मोठी कथा आहे आणि तिच्या शेवटी दोन टिपा आहेत. आयरिश भाषेतल्या टिपेत, ही कथा जशीच्या तशी पाठ करणाऱ्याला आशीर्वाद आहे. लगेच खाली लॅटिनमध्ये लिहिलं आहे की या गोष्टींवर आपण विश्वास ठेवत नाही, यातलं काही सैतानाची करणी, काही कवीची कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. ज्याला पटत नव्हतं त्यानेही शेकडो ओळी नकलून काढल्या. दुसऱ्या काही विद्वानांनी ‘लेबर गबाला’ या ग्रंथात सगळ्या देवांना माणसं करून थेट नोहाच्या वंशात बसवलं. आपल्या पुराणिकांनी बळीला प्रल्हादाच्या वंशात बसवलं, तसंच. कथा वाचली, पण दुसऱ्याच्या घरात राहून.

या पोथ्यांपैकी बऱ्याच छापून आणणारे व्हिटली स्टोक्स हे 1877 ते 1882 या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा सदस्य होते. इथले कायदे लिहिता लिहिता ते जुन्या आयरिशची संपादनं करत. मॉयटुराच्या लढाईची संहिता आणि भाषांतर त्यांनी 1891 साली प्रसिद्ध केलं.

पण आयर्लंडने पोथ्यांवरच समाधान मानलं नाही. 1935 साली सरकारने लोककथा आयोग नेमला. 1937 ते 1939 या काळात सुमारे पाच हजार शाळांतल्या जवळजवळ पन्नास हजार मुलांनी आपल्या आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या. कोणत्या टेकडीपाशी रात्री जाऊ नये, साव्हिनला उंबऱ्यावर काय ठेवावं, विहिरीची गोष्ट काय. मठातल्या पोथीत नसलेली बाजू त्या वह्यांत आली.

पुण्यात पोथीची बाजू थोर माणसांनी सांभाळली. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि जगात तिला तोड नाही. उंबऱ्याची बाजूही इथल्याच माणसांनी उचलली. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याला केंद्र करून मुळशी-मावळापासून पुढे गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. त्यांतली सीता रामायणातल्या सीतेपेक्षा वेगळी बोलते. तिच्यावर झालेला अन्याय ती नावानिशी सांगते. दळणाऱ्या बाईने स्वतःचं दुःख तिच्यात घातलं, हे खरंच आहे. त्याबरोबरच कथेची एक शाखा पोथीबाहेर वाढत होती, हेही तितकंच खरं.

बळीबाबत मात्र अशी एकत्र नोंद व्हायला हवी. सुपलीतला केर कोणत्या तिठ्यावर टाकतात, त्यावर दिवा कशाचा, सूप वाजवतात की थाळी, ते कोण वाजवतं, ओठांवर नेमके कोणते शब्द येतात, बळी कणकेचा करतात की शेणाचा की काढतच नाहीत, ओवाळताना घरधन्याला काय म्हणतात. गावागणिक, जातीगणिक हे बदलतं, आणि फुल्यांना जे दिसलं ते या फरकातच होतं. गॅसवर भाजलेला फराळ, फ्लॅटचं दार आणि कचऱ्याची गाडी यांच्यामुळे सुपलीचा विधी शहरात जवळपास संपला आहे. त्याचे शब्द उरलेत ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायांकडे, आणि अशा कितीतरी बाया आजही आसपासच्या गावांतून पाट्या घेऊन पुण्याच्या बाजारांत बसतात.

सहामाहीनंतरच्या सुट्टीत मुलांना गृहपाठ असतोच. त्यात एक पान एवढंच द्यावं: आजीला विचारा, पाडव्याच्या पहाटे तुमच्या घरी काय करत आणि काय म्हणत. उत्तर आजीच्याच शब्दांत लिहून घ्या. शुद्ध करू नका. खाली तिचं माहेर आणि सासर लिहा. जिल्ह्यातल्या शाळांनी ही पानं एकत्र ठेवली, तर फुल्यांनी 1873 साली ज्या प्रश्नाला एकट्याने हात घातला, त्याचा पहिला नकाशा एका दिवाळीत तयार होईल.